केसगळतीसाठी घेतलेल्या फिनास्टेराइडवरून ड्युटास्टेराइडवर जाताना मध्ये काही दिवस खंड घ्यावा का?

खंड घेण्याची गरज नाही. आज १ मिग्रॅ फिनास्टेराइड घेतलीत, तर उद्या त्याच वेळी ड्युटास्टेराइडची ०.५ मिग्रॅ कॅप्सूल घेता येते, अर्थात त्वचारोगतज्ज्ञांनी लिहून दिली असेल तरच. दोन्ही औषधे टेस्टोस्टेरॉनचे डीएचटी (केस गळवणारे संप्रेरक) करणारे एन्झाइम अडवतात. फिनास्टेराइडने रक्तातले डीएचटी साधारण ७० टक्के उतरते, ड्युटास्टेराइडने ९० टक्क्यांच्या आसपास. मध्ये थांबलात तर ते पुन्हा चढते, आणि दोन्ही एकत्र घेऊन पदरात काही पडत नाही. मिनॉक्सिडिल (केसांसाठी डोक्याला लावायचे औषध) लावत असाल तर ते मुळीच सोडू नका. गोंधळ बहुतेक इथेच होतो: गोळी बदलताना तेही बंद केले जाते, तीन-चार महिन्यांत केस गळतात आणि दोष नव्या औषधावर येतो. कॅप्सूल न चावता गिळा. फरक जोखायला किमान सहा महिने द्या. फोटो दर वेळी त्याच जागी, त्याच उजेडात काढा.

मात्र फिनास्टेराइडने कामेच्छा किंवा ताठरता कमी झाली म्हणून बदल करत असाल, तर हा मार्ग तुमचा नाही. ड्युटास्टेराइड जास्त जोरकस आहेच, शिवाय त्याचे अर्धायुष्य (शरीरातले प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ) सुमारे पाच आठवड्यांचे असते, त्यामुळे बंद केल्यावरही ते काही महिने शरीरात राहते. याच कारणाने शेवटच्या कॅप्सूलनंतर सहा महिने रक्तदान करायचे नसते. पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्त) तपासणी करताना डॉक्टरांना हे औषध जरूर सांगा, कारण आकडा जवळपास निम्मा दिसतो.