आरएनएवरील खुणा, गाठीची साखर आणि उपाशी टी-पेशी

प्रश्न : कर्करोगाच्या पेशी आरएनएवरील रासायनिक खुणा बदलून जास्त साखर वापरतात आणि त्यातून प्रतिकारशक्तीला चुकवतात, असे वाचनात आले. या दोहोंचा संबंध काय? मग रुग्णाने साखर बंद केल्यास उपयोग होईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जनुकातील संदेश प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेपर्यंत नेणाऱ्या आरएनएवर ठरावीक जागी मिथिल गट (कार्बन-हायड्रोजनचे छोटे रासायनिक तुकडे) जोडलेले असतात. याच त्या खुणा. त्यांतली सर्वाधिक आढळणारी खूण म्हणजे १९७४ मध्ये नोंदली गेलेली ‘एम६ए’. संदेश किती काळ टिकेल आणि त्यातून किती प्रथिन तयार होईल, हे बऱ्याच अंशी तिच्यावर ठरते. मेटल३ हे विकर ही खूण उमटवते, तर एफटीओ ती पुसते. (एफटीओचे जनुक २००७ मध्ये गाजले ते लठ्ठपणाच्या संदर्भात, त्याचे हे पुसण्याचे काम कळायला २०११ उजाडले.)

प्राणवायू पुरेसा असूनही गाठीतील पेशी ग्लुकोजचे लॅक्टिक आम्ल करत राहतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवले होते. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज टोचून गाठ शोधतात, ती याच हावरेपणाच्या आधारावर. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, एफटीओने सी-जूनसारख्या नियंत्रक प्रथिनांच्या आरएनएवरील खुणा पुसल्या की ती प्रथिने वाढतात आणि ग्लुकोजच्या विघटनाला जोर चढतो. गाठीवर हल्ला करणाऱ्या टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पांढऱ्या पेशींनाही ग्लुकोजच लागते. ते गाठीनेच ओढून घेतले आणि भोवती आम्ल साचले, की त्या समोर शत्रू असूनही निष्प्रभ होतात. उंदरांमध्ये एफटीओला रोखल्यावर टी-पेशींचा जोर परतला आणि पीडी-एल१ (टी-पेशींना लगाम घालणारे प्रथिन) विरोधी प्रतिपिंडाचा, म्हणजे तो लगाम सोडवणाऱ्या औषधाचा परिणामही वाढला.

मात्र खूण पुसणे हेच सर्वत्र घातक, असा निष्कर्ष काढू नये. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मेटल३ने उमटवलेल्या खुणांमुळेच ग्लुकोज आत घेणाऱ्या व फोडणाऱ्या प्रथिनांचे संदेश अधिक टिकतात, असे आढळले आहे. त्यामुळे एकाच औषधाने सगळे कर्करोग आटोक्यात येतील, ही अपेक्षा मला भाबडी वाटते.

राहिला साखरेचा प्रश्न. चहातली साखर सोडली तरी यकृत रक्तातील ग्लुकोजची पातळी राखतेच. गाठ उपाशी राहत नाही. उलट फार कडक पथ्याने वजन घटले, तर उपचार सोसणे रुग्णाला जड जाते. मधुमेह असल्यास पथ्य पाळावेच. पण ते डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्या सल्ल्याने.