चित्रकथेवर पोट भरेल का?

प्रश्न : मी निपाणीची असून कलेची पदविका घेतल्यावर सध्या एका छपाईच्या दुकानात डीटीपीचे काम करते. माझी आई गेली तीस वर्षे विड्या वळते. तिच्या एका दिवसावर मी आठ पानांची चित्रकथा काढली आहे, ती सोबत पाठवीत आहे. एका प्रकाशकांनी ‘पौराणिक काहीतरी काढा, हे कोण घेणार’ असे सांगून ती परत केली. मला स्वतःच्याच गोष्टी काढायच्या आहेत. यावर पोट भरेल का? आणि संवाद आमच्याकडच्या बोलीत ठेवावेत की प्रमाण मराठीत?
— एक वाचिका, निपाणी

उत्तर : निव्वळ स्वतःच्या चित्रकथांवर पहिली काही वर्षे तरी पोट भरणार नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. मात्र त्यावरून हे काम सोडावे असा अर्थ कृपया काढू नका, कारण या वाटेने गेलेल्या अनेक मोठ्या माणसांची चूल दुसऱ्याच कामावर पेटत होती. अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या हार्वी पेकर यांनी १९७६ साली ‘अमेरिकन स्प्लेंडर’ ही चित्रकथामालिका स्वतःच्या पैशाने काढायला सुरुवात केली, तेव्हा ते माजी सैनिकांच्या रुग्णालयात फायली सांभाळणारे कारकून होते, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती नोकरी सोडली नाही. उलट तिथल्याच माणसांच्या गोष्टी त्यांनी लिहिल्या. ‘माउस’ या चित्रकथेसाठी १९९२ साली अमेरिकेतील पुलित्झर पुरस्काराचा विशेष सन्मान मिळालेले आर्ट स्पीगलमन ती चित्रकथा काढत असताना च्युइंगगमच्या एका कंपनीसाठी कार्डे आणि स्टिकरही करीत होते. तेव्हा डीटीपीची नोकरी ही तुमची हार नव्हे. छपाई तुम्हाला आतून माहीत आहे, आणि हे भांडवल फार थोड्या चित्रकारांकडे असते.

आता तुमच्या पानांविषयी. तिसऱ्या पानावर आईच्या मांडीवरचे सूप तुम्ही वरून दाखवले आहे, आणि चार चौकटींत सूप जागचे हलत नाही, फक्त टेंभुर्णीची पाने कमी होत जातात आणि विड्या वाढत जातात. त्या पानावर एकही शब्द नाही, तरी दुपार सरल्याचे कळते. हे मी बराच वेळ पाहत राहिलो. सातव्या पानावर मात्र संवादाच्या फुग्यांत अक्षरे कोंबली गेली आहेत. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे इंग्रजी चित्रकथा पाहून बेतलेला फुगा आपल्याला अपुराच पडतो. आधी अक्षरे लिहावीत, फुगा नंतर काढावा.

प्रकाशकाची वाट पाहू नका. ए-चार कागद मधोमध दुमडला की चार पाने होतात, म्हणजे तुमच्या आठ पानांना दोनच कागद लागतील; वर जाड कागदाचे मुखपृष्ठ घालून दोन पिना मारल्या की पुस्तिका तयार होते. पहिल्या खेपेस शंभराहून अधिक प्रती काढू नयेत. विक्रीसाठी मुंबई-बंगळूरचे चित्रकथांचे मेळावे आहेतच, परंतु बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांतून भरणारी मराठी साहित्य संमेलने मला तुमच्यासाठी अधिक मोलाची वाटतात, कारण विडी वळणाऱ्या बाईची गोष्ट ज्यांना समजावून सांगावी लागत नाही असे वाचक तिथे येतात. ओरिजित सेन यांची नर्मदेच्या धरणावरील ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ ही चित्रकथा १९९४ साली ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरण संस्थेने छापली, पुढे ती अनेक वर्षे दुर्मीळ झाली, आणि २०२२ साली चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ प्रकाशनाने ती पुन्हा काढली. म्हणून मूळ पाने सपाट आणि कोरडी जपून ठेवा.

पुढे कोणी प्रकाशक आलाच, तर करार लेखी असावा. आपल्याकडे कलाकृती निर्माण होताच तिचा हक्क कलावंताकडे येतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर दिलेला हक्क पाच वर्षांचा, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो. ‘सर्व हक्क कायमचे’ अशा ओळीवर सही करू नये. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क मात्र सहसा मालकाकडे जातो, त्यामुळे स्वतःची चित्रे दुकानाच्या वेळेत काढू नयेत.

बोलीबद्दल माझे मत ठाम आहे : ती तशीच ठेवा. तुमच्या कथेत छाट काढणारा, म्हणजे खराब विड्या बाजूला काढणारा माणूस कानडीत ‘साकु’ म्हणतो आणि आई त्याला मराठीत उत्तर देते. त्याचा आडवा हात चौकटीत दिसतोच आहे, त्यामुळे ‘पुरे’ हा अर्थ तळटीप नसतानाही पुण्याच्या वाचकाला कळेल. निवेदन प्रमाण मराठीत असले तरी चालेल. आईच्या तोंडचे ‘काय करायलीस?’ बदलून ‘काय करते आहेस?’ केलेत, तर ती बाई निपाणीची राहणार नाही.