चुकलेल्या दिवसानंतरचा दिवस

प्रश्न : माझे वय ४३ आहे. रक्तदाब वाढल्याचे निदान झाल्यावर मी रोज अर्धा तास चालायचे आणि रात्री वेळेवर झोपायचे ठरवले. एकोणीस दिवस नेमाने पाळले. मग मुलगा आजारी पडला, चार दिवस खंड पडला आणि त्यानंतर सगळेच सुटले. नोंदींच्या वहीत लाल पेनाने फुल्या मारत राहिले आणि शेवटी ते पान फाडून टाकले. ‘तुझ्या हातून काही व्हायचे नाही’ हेच दिवसभर मनात चालू असते. धाकट्या बहिणीचा व्यायाम सुटला होता तेव्हा मीच तिला धीर दिला होता, पण तिची गोष्ट वेगळी. मैत्रीण म्हणते, स्वतःशी जरा मायेने वाग. आधीच मी आळशी; स्वतःला आणखी सैल सोडले तर काय होईल?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

मुलाच्या आजारपणाने तुमचे चार दिवस घेतले, हे तुम्ही लिहिले आहे. पुढचे आठवडे कशाने घेतले, हे मात्र लिहिलेले नाही. मला वाटते, ते त्या लाल फुल्यांनी घेतले. जी वही उघडली की स्वतःची लाज वाटते, ती उघडायचे माणूस टाळतो, आणि वही टाळता टाळता चालणेही टळते. तुम्ही ज्याला आळस म्हणता, त्यातला बराचसा भाग हा स्वतःच्याच बोलण्याचा धसका आहे.

सैल सुटण्याची तुमची भीती मी हलकी मानत नाही, कारण अनेकांनी स्वतःला शिस्त लावली आहे ती धाकानेच. पण लाड आणि माया यांत फरक आहे. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणेची मांडणी केली, तेव्हा तिचे तीन धागे सांगितले : स्वतःशी सौम्यपणे वागणे, चुकणे हे सगळ्याच माणसांच्या वाट्याला येते याचे भान ठेवणे, आणि जे घडले ते न वाढवता, न दडपता पाहणे. यांत चुकीवर पांघरूण घालणे कुठेच येत नाही. उलट, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची मुद्दाम अवघड परीक्षा दिली होती. त्यात निकाल वाईट लागल्यावर ज्यांना स्वतःकडे समजुतीने पाहायला सांगितले, त्यांनी पुढच्या परीक्षेचा अभ्यास इतरांपेक्षा अधिक वेळ केला.

सवयींवरचा लंडनमधला एक अभ्यासही तुम्हाला दिलासा देईल. त्यात एखादी कृती अंगवळणी पडायला मधला आकडा धरला तर ६६ दिवस लागले, पण व्यक्तिगणिक हा काळ १८ दिवसांपासून सुमारे २५४ दिवसांपर्यंत बदलत होता, आणि एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. तुमचा खंड एका दिवसाचा नव्हता हे खरे, तरीही ते एकोणीस दिवस वाया गेले असे मानायला कोणताही आधार नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी मध्यम व्यायामाचे प्रमाण आठवड्याच्या हिशेबाने सांगते, १५० ते ३०० मिनिटे. आणि २०२० च्या मार्गदर्शनानुसार दहा मिनिटांपेक्षा कमी वेळची हालचालही त्यात धरली जाते. म्हणजे ‘आज अर्धा तास जमणार नाही, तर राहू दे’ हा नियम तुमचा स्वतःचा आहे, आणि तो तुम्हालाच बदलता येईल.

आता बहिणीविषयी. तुम्ही तिला नेमके काय म्हणालात ते आठवा आणि जसेच्या तसे, त्याच शब्दांत कागदावर उतरवा. त्याखाली ‘तुझ्या हातून काही व्हायचे नाही’ हे वाक्य लिहा. दोन्ही मोठ्याने वाचा. दुसरे वाक्य बहिणीला ऐकवायला तुमची जीभ रेटणार नाही, याची मला खात्री आहे. तिची गोष्ट वेगळी कशी, याचे उत्तर त्या कागदासमोर बसून द्यायचा प्रयत्न करा. स्वतःची खोटी स्तुती करू नका, ती मनाला पटत नाही. खरे तेवढेच लिहा : ‘चार रात्री मुलाच्या उशाशी होते. दमले होते. आज दहा मिनिटे जाऊन येते.’ सुरुवातीला हे बेगडी वाटेल, कारण कठोर आवाज वर्षानुवर्षांच्या सवयीचा असतो आणि हा नवा असतो.

झोपेच्या वेळेचे सध्या बाजूला ठेवा; चालणे रुळले की तिकडे वळता येईल.

आणखी एक सांगायलाच हवे. मनाची उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज राहत असेल, कशातच गोडी वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर माझ्या पत्रावर विसंबू नका. डॉक्टरांशी किंवा समुपदेशकांशी लगेच बोला. रक्तदाबाची औषधे चालू असतील तर त्यांत स्वतःहून बदल करू नका, आणि तपासणीला जाताना चालण्यात पडलेला खंड न लपवता सांगा.

फाडलेले पान परत लिहू नका. नव्या पानावर तारीख घाला आणि लाल पेन बाजूला ठेवा. ज्या दिवशी चालणे होणार नाही, त्या दिवशी फुलीच्या जागी कारण लिहा, चार-पाच शब्दांत. महिन्याभराने ती कारणे मला कळवा. मला ती मनापासून वाचायची आहेत.