उत्तर: मार्चमध्ये कोकण किनाऱ्यावर "काहीच दिसलं नाही" – तिथी बघून जा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमचीच जुनी ट्रिप डोळ्यासमोर आली. सासूबाई आणि मुलाला घेऊन हरिहरेश्वर-वेळास बाजूला गेलात, आधी फोन करून विचारलं तर "वसंत आहे, फुलं, पक्षी, कासवं सगळं दिसेल, कधीही या" असं उत्तर मिळालं, आणि पोचल्यावर करपलेला सडा (कातळाचं उघडं पठार), खाडीत नुसतं गढूळ पाणी, पिल्लं नाहीतच. अगदी हेच आमच्याबरोबर झालंय. राहायचं कुठे, रस्ता कसा, टोपी-पाणी वगैरे तुम्हाला माहीतच असणार, ते सोडून देतो.

आधीच सांगतो, मी वनस्पतीतज्ज्ञ नाही, पक्ष्यांचाही अभ्यास नाही, बरीच वर्षं त्या पट्ट्यात भटकतोय एवढंच.

पहिलं फुलांचं. फोटोत दिसतो तो सड्यावरचा फुलांचा गालिचा पावसाळ्यातला असतो, जुलै ते सप्टेंबर. मार्चात सड्यावर वाळकं गवत आणि काळा कातळ, त्यामुळे तुम्हाला दिसलं ते बरोबरच होतं, सांगणाऱ्याने चुकीचं सांगितलं. किनाऱ्याकडचा वसंत झाडांवर असतो. वाड्यांच्या कुंपणाला पांगारा बघा, पान एक नसतं आणि सगळं झाड लालभडक, सकाळी आठच्या आत त्याच्याखाली उभं राहिलात तर मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी, खारी सगळ्यांची झुंबड असते. पळस, काटेसावर, धायटी त्याच सुमाराला. करवंदीच्या जाळ्यांना पांढरी फुलं येतात, अंजनाच्या खोडा-फांद्यांना चिकटून निळे-जांभळे झुबके फुटतात, ते मात्र थांबून बघावे लागतात, गाडीतून कळत नाही. आणि खाली वेंगुर्ल्याकडे, आरवली-आसोलीला जाणार असाल तर सुरंगी. जुन्या फांद्यांना लगडून गोल कळ्या, उमललं की पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या केसरांचा गच्च पुंजका, वास लांबूनच येतो. तोडू नका, लोकांचं हंगामाचं उत्पन्न आहे ते, बायका वळेसर (सुरंगीचा गजरा) विकतात तो विकत घ्या.

वाळूवर मर्यादवेल असेलच, आपट्यासारखं दुभंगलेलं जाड पान आणि जांभळट-गुलाबी फूल. दुपारनंतर फूल मिटतं म्हणून सकाळीच बघायचं. हीच वेल वाळू धरून ठेवते, तिच्यावरून गाड्या घालणारे बघितले की माझा संताप होतो, पण ते असो.

आता मुख्य मुद्दा, ज्याने आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं. एका पर्यटन माहिती ऑफिसातून आम्ही खाडीकाठची निसर्ग पायवाट गाइडसकट बुक केली होती. त्यांच्याकडे स्लॉट दोनच, सकाळी ७ आणि दुपारी ४, वर्षभर तेच. वडिलांना कांदळवन (खारफुटीचं रान) दाखवायचं म्हणून मी आधी फोनवर विचारलं की त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे, तर "त्याने काही फरक पडत नाही सर". गेलो तेव्हा अष्टमी होती. सकाळी बघतो तर मुळांच्या वरपर्यंत पाणी, चिखल इंचभर उघडा नाही, गाइड म्हणाला संध्याकाळी या, संध्याकाळी परत पाणी चढत आलेलं. दुपारी बारा-एकला सोडा म्हणून विनंती केली तर सिस्टीममध्ये स्लॉट नाही, पैसे परत मागितले तर या टेबलावरून त्या टेबलावर, शेवटी "साहेब मीटिंगला गेलेत". वडील त्या बाकड्यावर दोन तास बसून राहिले. किनाऱ्यावर चालायला नेणाऱ्या ऑफिसात भरती-ओहोटीचा साधा तक्ता भिंतीवर नसावा, याचा मला आजही राग येतो.

संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवून हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी, म्हणजे आठ गुणिले तीन भागिले चार, सहा वाजता पूर्ण भरती, सकाळी पण आणि संध्याकाळी पण, आणि ओहोटी बाराच्या पुढे. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी पहाटे-संध्याकाळी. शिवाय तेव्हा उधाण असतं, पाणी जेवढं वर चढतं तेवढंच लांब मागेही जातं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, तेवढं हटत नाही. म्हणजे तेच ७ आणि ४ चे स्लॉट पौर्णिमा-अमावास्येच्या आजूबाजूला उत्तम चालतात आणि अष्टमीला पूर्ण वाया. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, जिवाचा प्रश्न असेल तिथे कोळीवाड्यात विचारल्याशिवाय जाऊ नका. हरिहरेश्वरची खडकातली प्रदक्षिणेची वाट तर भरतीत अजिबात नाही, लाटेने माणसं ओढली गेली आहेत तिथे.

ओहोटीला तीच खाडी बघा. चिखलावर निवट्या मासे उड्या मारत असतात, एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती वरखाली हलवत उभे, काठाला मारांडीची निळसर फुलं आणि काटेरी पानं. वाळूत छोट्या बिळांभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल, खेकडा वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतो, पुढची भरती ते सगळं पुसून टाकते. माझ्या मते मुलांना हे कासवांपेक्षा जास्त आवडतं, तुमच्या मुलाला बसवून बघा.

कासवांची गॅरंटी जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून गावकऱ्यांबरोबर काम उभं केलं, घरट्यांतली अंडी कुंपणात हलवतात, पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांनी वर येतात, वाळू किती तापलीये त्यावर दिवस कमी-जास्त. म्हणून आधी होमस्टेवाल्यांना विचारायचं, कुठल्या आठवड्यात जास्त घरटी फुटायची शक्यता आहे, आणि निदान दोन मुक्काम ठेवायचे म्हणजे सकाळ-संध्याकाळ मिळून चार संधी मिळतात. पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, दोरीच्या मागे उभं राहायचं. तिथेच वर बघत राहा, पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड घिरट्या घालताना दिसू शकतो. कुरव पक्षी (सीगल) बघायचे असतील तर मार्च संपेपर्यंत थांबू नका, ते परत जायला लागतात.

सासूबाईंच्या गुडघ्याचं लिहिलंयत, तर त्यांना खाडीच्या चिखलात नेऊ नका, वाडीत पांगाऱ्याजवळ खुर्ची टाकून द्या, पक्षी तिथेच येतात. वेळासला किनाऱ्यापर्यंत बरंच चालावं लागतं, शेवटचा टप्पा वाळूतला, ते त्यांना आधी सांगून ठेवा. पुढच्या वर्षी फेब्रुवारीतली पौर्णिमा किंवा अमावास्या धरून सुट्टी टाका, आणि बागमांडला-वेश्वी फेरी शनिवार-रविवारी गच्च असते म्हणून शक्यतो शुक्रवारीच पलीकडे जा. तारीख ठरली की इथे लिहा, तिथी बघून वेळा काढून देतो.