नकाशाच्या कोपऱ्यातले दोन आकडे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला, सदर्न स्टडीजच्या, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांचा अभ्यास करणाऱ्या एमएला प्रवेश मिळाल्याचं तुझं पत्र मिळालं. घरच्यांनी नुसतं ‘ऑक्सफर्ड’ ऐकून पेढे वाटले, हे वाचून खूप हसले. वाटू देत. आपल्याकडे विद्यापीठ यावं म्हणूनच तिथल्या लोकांनी गावाला ते नाव ठेवलं होतं, म्हणजे तुझ्या काकांची काही फार मोठी चूक नाही.

जाण्याआधी काय वाचू, असं विचारलंस. पुस्तकांची यादी तिथे गेल्यावर मिळेलच, आणि ती संपणार नाही. मी तुला आधी एक नकाशा बघायला सांगते.

१९३६ साली आलेल्या ‘अ‍ॅब्सलम, अ‍ॅब्सलम!’ या कादंबरीला तिचा लेखक, अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनर याने स्वतः काढलेला नकाशा जोडला आहे. योक्नापटॉफा हा त्याचा काल्पनिक जिल्हा. ऑक्सफर्ड आणि आजूबाजूचा मुलूख घेऊन त्याने तो रचला. नकाशावर क्षेत्रफळ आहे, २४०० चौरस मैल. खाली लोकसंख्या: गोरे ६२९८, निग्रो ९३१३ (शब्द त्या काळचा). आणि सही करावी तसं, या सगळ्याचा एकमेव मालक विल्यम फॉकनर.

त्या दोन आकड्यांपाशी थांब. त्याच्याच हिशेबाने जिल्ह्यात काळे लोक जास्त आहेत. आता कादंबऱ्यांमध्ये बोलतं कोण ते मोज. ‘अ‍ॅज आय ले डाइंग’मध्ये पंधरा जण आळीपाळीने गोष्ट सांगतात, पंधराही गोरे. ‘द साउंड अँड द फ्युरी’चे चार भाग आहेत. तीन भाग कॉम्पसन घराण्यातले तीन भाऊ आपापल्या तोंडाने सांगतात. चौथा भाग डिल्सीभोवती फिरतो. त्या घराचं सगळं करणारी, घर कोसळताना पाहणारी काळी बाई. पण तो भाग ती सांगत नाही, निवेदक सांगतो. फॉकनरला तिचा आवाज घ्यायचा धीर झाला नाही, की ती आपल्याला कळते असा आव त्याला आणायचा नव्हता? या प्रश्नावर तुझं पूर्ण सेमिस्टर जाऊ शकेल. जाऊ दे. माझं स्वतःचं मत पंधरा वर्षांत दोनदा बदललं आहे.

आणि तिसरा आकडा त्या नकाशावर नाहीच. योक्नापटॉफा हे नाव चिकसॉ भाषेतलं. १८३२च्या करारानंतर चिकसॉ लोकांना ही जमीन सोडून मिसिसिपी नदीच्या पलीकडे जावं लागलं. त्यांची जमीन गेली, नाव तेवढं मागे राहिलं.

मी विद्यार्थिनी असताना पहिल्याच निबंधात ‘फॉकनर हा अमेरिकेतला ग्रामीण लेखक’ असं मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. आपल्याकडची ग्रामीण साहित्याची चर्चा डोक्यात होती ना! सरांनी समासात दोनच शब्द लिहिले: ‘गाव कोणाचं?’ तेव्हा राग आला होता.

दुसरं, बोलीबद्दल. झोरा नील हर्स्टन ही काळी लेखिका नक्की वाच, आणि तिच्यावर झालेली टीकाही वाच. ती फ्लॉरिडातल्या ईटनविल या काळ्यांनीच वसवलेल्या गावात वाढली. न्यूयॉर्कला मानववंशशास्त्र शिकली आणि गोष्टी गोळा करायला परत आपल्याच गावी आली. १९३७च्या तिच्या कादंबरीवर रिचर्ड राइट हा लेखक तुटून पडला. तोही काळा, मिसिसिपीतच जन्मलेला. त्याचं म्हणणं असं की तिने कादंबरीत वापरलेली काळ्यांची बोली गोऱ्या वाचकांची करमणूक करते. तिच्यासाठी ती ओसरीवरची रोजची भाषा होती. हे भांडण तुला परकं वाटणार नाही. आपल्याकडेही बोली छापली की कोणाला अभिमान वाटतो, तर कोणाला तमाशा मांडल्यासारखं वाटतं.

याच्याच जोडीला लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या मुलाखती वाच. १९३६ ते १९३८ या काळात, एकेकाळी गुलामीत असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या २३००हून जास्त आठवणी सरकारी योजनेतून लिहून घेतल्या गेल्या. ऑनलाइन आहेत, फुकट. पण लिहून घेणारे बहुतेक गोरे होते, आणि बोली कशी लिहावी याच्या सूचना वॉशिंग्टनहून यायच्या. म्हणजे कागदावर उमटलेला उच्चार म्हातारीचा किती आणि लिहिणाऱ्याच्या कानाचा किती, हे प्रत्येक पानावर स्वतःला विचारावं लागतं.

तुझ्या अर्जात महात्मा फुले आणि दलित पँथर दोन्ही होते. बरोबरच आहे, धागा खराच आहे. ‘गुलामगिरी’ १८७३ साली आली, ती गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण करून. पण त्या अर्पणपत्रिकेनंतर तिथे काय झालं तेही बघ. १८९०च्या मिसिसिपीच्या राज्यघटनेने मतदानासाठी कर लावला आणि घटनेतलं कलम वाचता किंवा समजावून सांगता येण्याची अट घातली. पास की नापास, ते समोरचा गोरा अधिकारी ठरवणार. आपण वाङ्मयाची माणसं ‘वाचन’ हा शब्द किती भाबडेपणाने वापरतो! जात आणि वंश शेजारीशेजारी ठेवून बघ, पण एकाला दुसऱ्याचं भाषांतर समजू नकोस. तिथले प्राध्यापक अशा तुलनेवर खूश होतील, म्हणून तर जास्त जपून.

ग्रंथालयात मात्र बसून राहू नकोस. तुझा एमए ज्या केंद्रात आहे, त्याच्याच छत्राखाली सदर्न फूडवेज अलायन्स ही दक्षिणेतल्या खाद्यसंस्कृतीचा अभ्यास करणारी संस्था आहे. स्वयंपाकी, शेतकरी, मासेमार यांच्या मुलाखती त्यांनी जमवल्या आहेत. त्या ऐक. आधी नुसत्या कानांनी, लेखी प्रत नंतर उघड. पहिला आठवडा अर्धं कळणार नाही.

जेवणाची काळजी आईला लागली असेल. तिला सांग, ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्याच, फक्त ते त्यात लोणी किंवा चीज घालतात. भेंडी तर पावलोपावली मिळते, पिठात घोळवून तळलेली. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांबरोबर ती तिथे पोचली, आणि गंबो या तिथल्या दाट रस्स्याचं नावही त्यांच्याकडच्या भेंडीच्या शब्दावरूनच आलं. चहा मात्र थंड आणि गोड मिळेल. गरम हवा असेल तर पातेलं आणि गाळणं इथूनच ने.

निघण्याआधी एका रविवारी घरी ये. त्या नकाशाची माझ्याकडे जुनी झेरॉक्स आहे, समासात सरांच्या शेऱ्यानंतर मी केलेल्या मोजणीच्या खुणा आहेत. ती तुला देते. पण तुझी मोजणी आधी कर, मग माझी बघ.

तुझी,
मॅडम