अर्ध्या तासात मुलांना खाता येईल असं माशाचं जेवण कोणतं करावं?

तुम्ही रत्नागिरीत राहता, दोघंही नोकरीला, घरी पोचायला सात वाजतात. मुलं चार आणि आठ वर्षांची, तिखट खात नाहीत आणि काट्याची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय.

मासा शिजायला दहा मिनिटं पुरतात. वेळ जातो तो साफ करण्यात आणि जेवताना काटे काढत बसण्यात, म्हणून निम्मं काम बाजारातच उरका. मिरकरवाड्याला किंवा जवळच्या मासळी बाजारात मुलांसाठी सुरमई, मुडदुशे (लेडीफिश) आणि मध्यम कोळंबी बघा. सुरमईच्या तुकड्या अर्धा इंच जाडीच्या करून घ्या. शेपटीकडच्या तुकड्या मुलांसाठी वेगळ्या बांधून मागा, कारण तिथे बहुतेक मधला मणकाच असतो, तर पोटाकडच्या तुकडीत बरगडीचे काटे येतात. तारली किंवा पाला हे काटेरी मासे रात्रीच्या घाईत मुलांना नकोच. मोरीला (लहान शार्कला) हाडाचे काटे नसतात म्हणून ती सोपी वाटते, पण मोरी आणि मोठी सुरमई दुसऱ्या माशांवर जगतात आणि त्यांच्या अंगात पारा जास्त साठतो. लहान मुलांना हे मासे वरचेवर देऊ नका आणि सुरमई घेताना लहान बघून घ्या. कोळंबीचं डोकं काळं पडलेलं किंवा लोंबणारं असेल तर ती शिळी आहे, घेऊ नका.

घरी आणून धुतलं की मीठ-हळद लावून एका जेवणापुरते भाग करा आणि पसरट डब्यांत फ्रीझरला टाका. आगळ (कोकमाचा आंबट रस) किंवा लिंबू मात्र करायच्या वेळीच लावा. आंबट लावून ठेवलेल्या माशाचं मांस आकसतं आणि तो कोरडा लागतो. सकाळी निघताना डबा फ्रीझरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवा. दिवसभर ओट्यावर ठेवायची सवय असेल तर ती आजच सोडा. बांगडा, तारली, सुरमई यांसारखे मासे उबेत राहिले की त्यांत हिस्टामीन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. मुलांच्या तोंडाभोवती लाल चट्टे येतात, खाज सुटते आणि घरच्यांना वाटतं मुलाला मासा सोसत नाही. (कोळंबीची खरी ॲलर्जीही असते. पहिल्यांदा देताना एक-दोनच द्या.)

मुलांना सगळ्यात लवकर आवडतो तो कोळंबी भात. चौघांसाठी दोन वाट्या तांदूळ आणि सोललेली कोळंबी 300 ग्रॅम घ्या. त्यासाठी सालासकट अर्धा किलोच्या थोडी वर आणावी लागते. पाठीतला काळा दोरा काढा, नाहीतर दाताखाली कचकचतं. घरात आल्या आल्या तांदूळ धुऊन भिजत टाका आणि कोळंबीला अर्धा चमचा हळद, मीठ, पाच पाकळ्या ठेचलेली लसूण आणि चमचाभर आगळ चोळा. जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल तापवून कोळंबी मोठ्या आचेवर एक मिनिट परता आणि बाहेर काढून ठेवा. त्याच तेलात एक बारीक चिरलेला कांदा आणि एका बटाट्याच्या लहान फोडी परता, मग चमचाभर धणेपूड आणि निथळलेला तांदूळ घाला. दोन वाट्या गरम पाणी, दोन वाट्या नारळाचं पातळ दूध आणि मीठ घालून उकळी येऊ द्या. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर बारा मिनिटं शिजवा. नारळाचं दूध बुडाला लागतं, म्हणून आच मंदच हवी. पाणी आटत आलं की कोळंबी वर पसरा, चार मिनिटं झाका, गॅस बंद करा आणि पाच मिनिटं उघडू नका.

कुकर लावायचा मोह टाळा. एका शिट्टीतही कोळंबी रबरासारखी होते आणि मुलं चावून चावून थुंकतात. कोळंबी अपारदर्शक, गुलाबी होऊन अर्धी वळली की झाली. घट्ट वेटोळं झालं म्हणजे जास्त शिजली.

तळलेल्या तुकड्यांचं आवरण तव्यात सुटतं ही नेहमीची तक्रार. मासा ओला राहिला किंवा रवा लावून ठेवला, की मीठ पाणी सोडतं आणि रवा भिजून निघतो. तुकड्या फडक्याने टिपा, हळद, मीठ, आलं-लसूण आणि लिंबू लावून दहा मिनिटं ठेवा, पुन्हा हलकं टिपा. तीन भाग बारीक रवा आणि एक भाग तांदळाचं पीठ यांत घोळवून लगेच तापलेल्या लोखंडी तव्यावर सोडा. मध्यम आचेवर एका बाजूला चार मिनिटं. त्याआधी उलथनं घालू नका, तुकडी आपोआप सुटते. मुडदुशांना तीन मिनिटं पुरतात. मुलांच्या ताटात मासा कुस्करून, बोटांनी चाचपूनच वाढा, शेपटीकडची तुकडी असली तरी.

फिक्या साराला लसूण, पाव चमचा हळद, मीठ आणि एक अख्खी मिरची घालून दोन वाट्या पातळ नारळाचं दूध उकळा. त्यात पापलेट किंवा सुरमई सहा मिनिटं शिजवा. मग आच बारीक करून वाटीभर दाट दूध घाला, पण आता उकळी येऊ देऊ नका. गॅस बंद करून चार कोकमं टाका. कोकमं घालून उकळलं तर दूध फाटतं. तिरफळ मुलांच्या साराला नको, जीभ बधिर होते. मोठ्यांना तिखट हवं असेल तर कढल्यात तेल, लसूण आणि चमचाभर मालवणी मसाला पाच-दहा सेकंद तडतडवून आपल्या वाटीत ओता. दोन भांडी चढवावी लागत नाहीत.

1 जूनपासून यांत्रिक बोटी बंद असतात, तेव्हा सुकट वापरा. आधी कोरडी भाजा, मग दोन पाण्यांतून धुवा म्हणजे रेती खाली बसते, आणि पिळून पुन्हा परता. बारीक कांदा, ओलं खोबरं आणि लिंबू घालून किसमूर करा. सुकट मुळात खारट असते, त्यामुळे मीठ चाखूनच. वरण-भाताबरोबर मुलं ती आवडीने खातात.