"मॅडम, सांगू की लपवू?"

तुरुंगातून सुटून आलेला माणूस समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसला की हा प्रश्न येतोच. कामाच्या ठिकाणी सांगितलं तर दारातूनच परत पाठवतात, लपवलं तर जीव टांगणीला लागतो. घरची बाई वेगळ्या शब्दांत विचारते, "ह्यांचं कुठं टिकतच नाही, काय करायचं?" हे इतक्यांदा ऐकलंय, की एका सुताराची हकिकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशी बदलून, इथे लिहिते.

मारामारीत त्यांच्या हातून एक माणूस कायमचा जायबंदी झाला. त्याची शिक्षा नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात पूर्ण भोगली. आत सुतारकामावर हात चांगला बसला होता. बाहेर आल्यावर मात्र कधी बिगारी, कधी टेम्पोवर हमाली, आणि डोक्यावर वकिलासाठी काढलेलं व्याजाचं कर्ज.

पहिल्या दिवशी आत येऊन उभेच राहिले. "बसा" म्हटल्यावर खुर्चीच्या कडेवर टेकले. पाण्याचा पेला समोर होता, तरी "पिऊ का?" विचारलं. वर्षानुवर्षं गिनतीला, म्हणजे कैद्यांच्या रोजच्या मोजणीला, जोडीने बसलेलं शरीर गेटाबाहेर पडलं म्हणून लगेच मोकळं होत नाही. कामावर घेणाऱ्यांना हाच बुजरेपणा लबाडी वाटतो.

मी विचारलं, "आजवर किती ठिकाणांहून काढलं तुम्हाला?"

ते बोटांवर मोजायला लागले आणि मध्येच थांबले. "एका मालकाला कळलं. त्यानं हिशेब करून दिला."

"आणि बाकीच्यांनी?"

बराच वेळ गेला. "बाकीची मीच सोडली. गावाकडचं कुणी दिसलं की वाटायचं, हा आता सांगणार. त्याआधी आपणच गेलेलं बरं."

हे त्यांनी स्वतःच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं असावं. मी घाई केली नाही. पुढच्या काही भेटी आम्ही तिथेच रेंगाळलो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझा पिंड पोसलेला आहे. कृत्याला वाईट म्हणा, पण त्यावरून अख्ख्या माणसाची किंमत करू नका, असं ते सांगत. सुतारांना हे पटेना.

"त्या माणसाचा हात अजून उचलत नाही. मग मी चांगला कसा?"

"चांगले आहात असं मी म्हटलंच नाही. ते कृत्य वाईट होतं आणि तुमचंच होतं. कोर्टानं त्याची शिक्षा दिली, ती संपली. त्यानंतरची कोण देतंय?"

खाली मान घालून म्हणाले, "मीच."

"त्यानं त्या माणसाचा हात बरा होतो?"

"नाही. माझ्या पोरीची फी तेवढी थकते."

त्या दिवशी ते पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसले. अनेकांना वाटतं, अशा माणसाला आधी नोकरी द्यावी, मन आपोआप सावरेल. माझा अनुभव सांगतो, आतली ही जादा शिक्षा थांबली नाही तर हातात आलेली नोकरीही तो सोडून येतो.

मग 'सांगू की लपवू' याचं उत्तर सोपं झालं. सांगायचं, पण थोडक्यात, आणि मालकाने काम बघितल्यावर. पहिल्या सरावात ते गयावया करत बोलतच राहिले. घासून घासून उरलं ते एवढं: "मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती, पूर्ण भोगली. सुतारकाम आतच शिकलो. महिनाभर काम बघा, मग ठरवा." फर्निचरच्या एका कारखान्यात त्यांनी आधी चौकट जोडून दाखवली, मग हे बोलले. मालक सांध्यावरून बोट फिरवत म्हणाला, "सोमवारपासून या." तिथे ते टिकले आहेत.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर कामाची निवड जपून करा. सुरक्षारक्षकाच्या नोकरीमागे धावू नका. २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याप्रमाणे तिथे पूर्वचारित्र्याची पडताळणी होतेच. सुतारकाम, शिवणकाम, बेकरी अशा हातच्या कामात माणूस कामावरून जोखला जातो. दोन वर्षं व्यवहार नसलेलं बँक खातं निष्क्रिय होतं. केवायसी, म्हणजे ओळखीची आणि पत्त्याची कागदपत्रं, दिली की ते विनाशुल्क चालू करून मिळतं, तेव्हा सुटल्यावर पहिल्या आठवड्यातच बँकेत जा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडला असेल तर तोही बदलून घ्या. सुतार, शिंपी, लोहार अशा १८ व्यवसायांसाठी २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळतं. सावकाराच्या दारात जाण्याआधी तिथे चौकशी करा.

जे कच्चे कैदी म्हणून, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच, आत राहिले आणि निर्दोष सुटले, त्यांनी निकालाची प्रमाणित नक्कल काढून जवळ ठेवावी. अर्जात 'शिक्षा झाली आहे का?' असं विचारलं असेल तर त्यांचं खरं उत्तर 'नाही' हेच आहे. कच्चे कैदी थोडेथोडके नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातले सुमारे ७६ टक्के कैदी कच्चे होते.

आणि वहिनींनो, संध्याकाळी "आज कुणाला कळलं का?" असं विचारू नका. काय काम केलं ते विचारा. पगार खात्यात जमा होऊ द्या आणि कर्जाचा हप्ता त्याच दिवशी वेगळा काढा. पहिले तीन महिने कामावरून कटकट करत आले तरी "सोडून द्या" म्हणू नका. सोडायचंच असेल तर आधी दुसरं काम हातात असू द्या.